अमेरिकेतली गाडी, मोकळीक आणि वर्णभेद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे, तिकडे शिकायला निघालेले आणि मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं इतिहासापासून सुरू होऊन रस्त्यावरच्या आजच्या अडचणींकडे जातात. कायद्याचे बारकावे राज्याराज्यांत बदलतात. मात्र इथे दिलेले सुप्रीम कोर्टाचे निकाल, वेगळ्या डब्यांबद्दलचा १८९६चा जुना निकाल सोडून, देशभर लागू आहेत.

१. गाडीची सोय सगळ्यांनाच असते. मग कृष्णवर्णीय अमेरिकनांना तिचं एवढं मोल का वाटलं?

‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या १८९६च्या निकालात सुप्रीम कोर्टानं रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना मान्यता दिली. पुढची साठएक वर्षं दक्षिणेत रेल्वेनं किंवा बसनं जाणं म्हणजे रोजचा अपमान होता. कृष्णवर्णीयांचा डबा बहुधा इंजिनाला लागून, धूर आणि राख खात जाणारा. बसमध्ये पुढच्या दारातून चढून पैसे द्यायचे, अनेकदा पुन्हा खाली उतरून मागच्या दारानं आत शिरायचं, आणि गोऱ्या प्रवाशाला जागा नसेल तर आपली सोडायची. स्वतःच्या गाडीत असं उठवणारं कोणी नव्हतं. ज्यांना परवडलं त्यांनी गाडी घेतली, आणि ही मोकळीक खरी होती. तिला कमी लेखणं हा त्या माणसांवर अन्याय ठरेल. पण गाडीला पेट्रोल लागतं, माणसाला जेवण, झोप आणि संडास लागतो. गाडी थांबली की वर्णभेद पुन्हा समोर येई.

२. ‘ग्रीन बुक’ म्हणजे नेमकं काय होतं? लोक ते कसं वापरत?

कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे आसरा मिळेल याची ती राज्यवार, गाववार यादी होती. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे टपालवाहक व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी ती १९३६ साली काढली. सुरुवातीला न्यूयॉर्क परिसरापुरती असलेली यादी लवकरच देशभर पसरली. हॉटेलं, खानावळी, गॅरेज, पेट्रोल पंप, न्हावी, ब्यूटी पार्लर यांचे पत्ते तीत असत. हॉटेलच नसेल अशा गावात ‘टूरिस्ट होम’ म्हणून एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाचं घर दिलेलं असे. पाहुण्याला तिथे पैसे देऊन रात्र काढता येई. एसो कंपनीच्या पंपांवर हे पुस्तक मिळत असे.

निघण्यापूर्वी मुक्कामाची गावं या यादीवरून ठरत, आणि मधलं अंतर दिवसाउजेडी कापता येईल का ते पाहिलं जाई. यादीत गाव नसेल तर गाडीतच सोय करावी लागे: डब्यात दिवसभराचं जेवण, पाणी, जादा पेट्रोलचा कॅन, पांघरुणं आणि लहान मुलांसाठी लघवीचं भांडं. काही पुरुष ड्रायव्हरची टोपी जवळ ठेवत. चांगल्या गाडीत कृष्णवर्णीय माणूस दिसला की चौकशी व्हायची. तेव्हा ‘गाडी मालकाची आहे’ असं सांगून सुटका करून घेता येई. स्वतःच्या कमाईची गाडी दुसऱ्याची म्हणून सांगावी लागणं, यात त्या काळाची सगळी हकीकत आली.

अशा पुस्तकाची गरजच उरणार नाही असा दिवस येईल, असं ग्रीन यांनी १९४९च्या आवृत्तीत छापलं होतं. ते १९६० साली वारले. पुढे काही वर्षांत, प्रश्न ५ मधला कायदा आल्यावर, पुस्तक बंद झालं.

३. हा त्रास दक्षिणेतल्या राज्यांपुरताच होता ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. ‘सनडाउन टाउन’ म्हणून ओळखली जाणारी गावं, म्हणजे सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीय माणसानं हद्दीत थांबायचं नाही अशी गावं, इलिनॉय, इंडियाना, ओरेगन अशा उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या राज्यांत भरपूर होती. काही ठिकाणी वेशीवर पाटी असे, बहुतेक ठिकाणी पाटीचीही गरज नसे. दक्षिणेत निदान कृष्णवर्णीय वस्ती जवळपास असे आणि कोणाकडे तरी उतरता येई. उत्तरेत शेकडो मैल तशी वस्तीच नसे.

४. माँटगोमेरीचा बस बहिष्कार पायी चालून यशस्वी झाला असं शाळेत वाचलं होतं. त्यात गाड्यांचा काय संबंध?

लोक चाललेच, पण ३८१ दिवस टिकाव धरला तो गाड्यांच्या व्यवस्थेमुळे. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली आणि ५ तारखेपासून बसवर बहिष्कार पडला. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसइतकंच, म्हणजे १० सेंट भाडं घेत. शहरानं किमान ४५ सेंटचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग सुमारे ३०० खासगी गाड्यांचा ताफा उभा राहिला. बॅटन रूज शहरात १९५३ साली असाच प्रयोग झाला होता, त्याची माहिती मागवून घेतली गेली. सकाळी वस्तीतून माणसं उचलायची ठिकाणं आणि संध्याकाळी कामावरून परत आणायची ठिकाणं, अशी प्रत्येकी चाळीसहून अधिक ठरली. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या.

व्यवस्था मोडायला शहरानं जे मार्ग वापरले ते नीट पाहण्यासारखे आहेत, कारण पुढच्या अनेक उत्तरांत ते पुन्हा दिसतील. पहिला मार्ग वाहतुकीच्या पावत्यांचा: ताफ्यातल्या ड्रायव्हरांना क्षुल्लक कारणांवरून दंड. मार्टिन ल्यूथर किंग यांनाच २६ जानेवारी १९५६ला २५ मैलांच्या हद्दीत ३० मैलांनी गाडी चालवली म्हणून अटक झाली. दुसरा विम्याचा: ताफ्यातल्या गाड्यांचे विमे एकामागून एक रद्द होत गेले. शेवटी अटलांटाचे कृष्णवर्णीय विमा व्यावसायिक टी. एम. अलेक्झांडर यांनी थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. तिसरा कोर्टाचा: १३ नोव्हेंबर १९५६ला स्थानिक कोर्टानं गाड्यांच्या ताफ्यावर बंदी घातली. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं बसमधला भेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केल्याची बातमी आली.

५. हॉटेलात खोली नाकारणं बेकायदा कधी झालं?

१९६४च्या नागरी हक्क कायद्यानं. अटलांटातल्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ मोटेलच्या मालकानं त्याला लगेच आव्हान दिलं आणि त्याच वर्षी तो सुप्रीम कोर्टात हरला. हे मोटेल आंतरराज्य हायवेंच्या जवळ होतं आणि त्याचे बहुतेक ग्राहक परराज्यांतले होते. त्यामुळे आंतरराज्य व्यापारावर कायदा करण्याचा संसदेचा अधिकार तिथे सरळ लागू झाला.

६. हायवे कृष्णवर्णीय वस्त्यांतूनच गेले हा योगायोग होता का?

नव्हता. १९५६च्या कायद्यानं ४१,००० मैलांच्या आंतरराज्य हायवेंची योजना मंजूर केली. खर्चाचे ९० टक्के केंद्र सरकार देणार होतं, पण रस्ता नेमका कुठून न्यायचा हे राज्याचे हायवे खाते आणि शहरातले पुढारी ठरवत. जवळजवळ फुकटात रस्ता आणि वर ‘झोपडपट्टी निर्मूलन’, असं दुहेरी आमिष त्यांच्यापुढे होतं.

जमीन तिथेच स्वस्त का होती, हे त्याच्या आधी बघावं लागतं. १९३०च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय वस्त्यांना लाल रंग, म्हणजे धोक्याचं कर्ज. कर्जाच्या हमीचे सरकारी नियमही तसेच होते. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत पडलेली, आणि किंमत पडलेली म्हणून वीस वर्षांनी हायवेसाठी सोयीची. दक्षिणेत तर मतदानाचा हक्क नावापुरता असल्यामुळे विरोध करणाऱ्यांकडे वजनही नव्हतं.

डेट्रॉइटची ब्लॅक बॉटम वस्ती आणि तिची हेस्टिंग्ज स्ट्रीट, सेंट पॉलमधलं राँडो, मायामीतलं ओव्हरटाउन ही ठळक नावं. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न अव्हेन्यूच्या मधोमध ओकच्या जुन्या झाडांची रांग होती. सणाला लोक तिच्या सावलीत जमत. १९६६ साली ती झाडं तोडली आणि त्या जागी उंचावरून जाणाऱ्या हायवेचे काँक्रीटचे खांब आले.

नुकसानभरपाईत आणखी एक मेख होती. बाजारभाव मिळायचा तो घरमालकाला, आणि तो भाव आधीच पाडलेला. भाडेकरूला बहुधा काहीच नाही, दुकानदाराच्या तुटलेल्या गिऱ्हाइकीची किंमत शून्य. पुनर्वसनाची मदत देशभर बंधनकारक झाली ती १९७०च्या कायद्यानं, तोवर शहरांतले बहुतेक रस्ते आखून झाले होते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्याच आकडेवारीनुसार हायवेंनी ४,७५,००० हून अधिक कुटुंबं विस्थापित केली.

७. एक दिवा बंद आहे एवढ्यावरून पोलीस गाडी थांबवून झडती घेऊ शकतात?

थांबवू शकतात. झडतीसाठी आणखी काहीतरी लागतं, आणि ते ‘काहीतरी’ मिळवायच्या वाटा बऱ्याच आहेत. १९२५च्या ‘कॅरोल’ निकालापासून गाडीला घराइतकं संरक्षण नाही: गुन्ह्याचा माल आहे असं मानायला सबळ कारण असेल तर वॉरंट लागत नाही. १९७९च्या ‘प्राउझ’ निकालानुसार काहीही कारण नसताना सहज म्हणून थांबवता येत नाही. पण १९९६च्या ‘व्रेन’ निकालानं त्यातली हवा काढून घेतली. वाहतुकीचा कुठलाही नियम मोडलेला असला की पोलिसाच्या मनातला खरा हेतू काय होता हे कोर्ट बघत नाही. वाहतुकीचे नियम इतके आहेत की पाच मिनिटं मागे लागलं तर कोणाचीही चूक सापडते. मग निवड कोणाची होते, हाच प्रश्न उरतो (पुढचं उत्तर पाहा).

काही ठिकाणी यावर उपाय झाले आहेत. व्हर्जिनिया राज्यानं २०२१ पासून आणि फिलाडेल्फिया शहरानं २०२२ पासून काही किरकोळ दोषांसाठी, केवळ त्या कारणानं, गाडी थांबवण्यास मनाई केली. फिलाडेल्फियात अशा वेळी पावती पोस्टानं पाठवता येते.

८. पण कृष्णवर्णीय ड्रायव्हर जास्त नियम मोडत असतील, म्हणून जास्त थांबवले जात असतील, असं का नाही?

रास्त शंका आहे, आणि ती तपासायच्या दोन चांगल्या पद्धती आहेत. पहिली अंधाराची. संध्याकाळी सातला उन्हाळ्यात उजेड असतो, हिवाळ्यात काळोख. वेळ तीच, रस्त्यावरची माणसं साधारण तीच. फरक एवढाच की अंधारात ड्रायव्हरचा रंग दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकल्पानं देशभरातल्या जवळपास १० कोटी नोंदी तपासून २०२० साली निष्कर्ष छापले: अंधार पडला की थांबवलेल्या ड्रायव्हरांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं.

दुसरी पद्धत झडतीत काय सापडलं ते बघण्याची. १९९०च्या दशकात मेरीलँडमधल्या हायवे ९५वर कृष्णवर्णीय ड्रायव्हर १७ टक्क्यांच्या आसपास होते, आणि झडती झालेल्यांत ७० टक्क्यांहून जास्त. बेकायदा माल सापडण्याचं प्रमाण मात्र गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांत जवळजवळ सारखंच निघालं. म्हणजे गोऱ्यांची झडती घ्यायला जेवढा संशय लागे त्याहून कमी संशय इथे पुरत होता. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या रोजच्या वापरातल्या न्यू जर्सी टर्नपाइकवरही हेच घडत असल्याचं तिथल्या कोर्टानं १९९६ साली मान्य केलं, आणि १९९९ पासून राज्य पोलिसांवर केंद्राची देखरेख आली.

९. आम्हाला पोलिसांनी थांबवलं तर नेमकं काय करायचं?

आपल्याकडची सवय आधी सोडा: गाडीतून उतरून साहेबांकडे चालत जाऊ नका. तिकडे ते हल्ल्याची तयारी म्हणून घेतलं जातं. मागे दिवे लुकलुकले की इंडिकेटर देऊन उजवीकडे सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा चालू, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कागद आधीच शोधायला लागू नका. डॅशबोर्डच्या कप्प्यात वाकलेला माणूस पोलिसाला वेगळाच दिसतो. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड मागितल्यावर ‘ते कप्प्यात आहे, मी काढतोय’ असं सांगून सावकाश हात न्या.

‘का थांबवलं माहीत आहे का?’ याचं उत्तर अंदाजानं देऊ नका. ‘गाडीत बघू का?’ ही विनंती असते. ‘आय डू नॉट कन्सेंट’ असं शांतपणे म्हणता येतं. नकाराचा हक्क आहे हे सांगायला पोलीस बांधील नाहीत, म्हणून आपल्यालाच ठाऊक हवं. नकार देऊनही झडती घेतली तर अडवू नका. तो नकार पुढे कोर्टात कामाला येतो. ‘खाली उतरा’ हा मात्र हुकूम आहे. ड्रायव्हरला १९७७च्या आणि सोबतच्यांना १९९७च्या निकालानुसार उतरावंच लागतं. पावतीचं काम संपल्यावर केवळ श्वानपथकाची वाट बघत थांबवून ठेवता येत नाही, असं २०१५च्या ‘रॉड्रिगेझ’ निकालात आहे. तेव्हा ‘ॲम आय फ्री टू गो?’ हा प्रश्न विचारा. पैसे कधीही पुढे करू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

एवढं सगळं बिनचूक करूनही जीव वाचेलच असं नाही. मिनेसोटातल्या फिलँडो कॅस्टील यांनी ६ जुलै २०१६ला आपल्याकडे परवान्याचं पिस्तूल असल्याचं स्वतःहून, नम्रपणे सांगितलं होतं. काही सेकंदांत पोलिसानं गोळ्या झाडल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. गोळ्या झाडणारा पोलीस पुढच्या वर्षी खटल्यात निर्दोष सुटला.

१०. दंड भरून टाकला की विषय संपतो. लायसन्स जप्त होईपर्यंत वेळ का येते?

हातात पैसे असतील तर संपतो. नसतील तर मूळ दंडावर कोर्टाचं शुल्क, मग उशिराचा दंड, तारखेला न गेल्याचं वॉरंट, अनेक राज्यांत लायसन्स निलंबित. कामावर जायला बस नाही, म्हणून माणूस तशीच गाडी चालवतो. पुढच्या वेळी पकडलं की तो फौजदारी गुन्हा. ऐपत नाही म्हणून थेट तुरुंगात टाकता येत नाही, असा १९८३चा निकाल आहे. पण ही साखळी त्याला वळसा घालते. मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराबद्दल केंद्राच्या न्याय खात्यानं मार्च २०१५ला दिलेल्या अहवालात लोकसंख्येत ६७ टक्के, थांबवलेल्या गाड्यांत ८५ टक्के, पावत्यांत ९० टक्के आणि अटकांत ९३ टक्के कृष्णवर्णीय निघाले. दंडाच्या वसुलीवर शहराचं अंदाजपत्रक बेतलेलं होतं. पावती मिळाली आणि पैसे नसतील तर तारीख चुकवू नका: कोर्टात जाऊन हप्ते किंवा सवलत मागा. न जाण्याची किंमत दंडापेक्षा कितीतरी मोठी पडते.

११. डीलरकडून कर्ज घेताना भेदभाव कुठे शिरतो?

डीलर तुमचा अर्ज बँकेला पाठवतो, बँक तिचा दर त्याला कळवते, आणि तो स्वतःचे एक-दोन टक्के चढवून तुम्हाला सांगतो. त्या चढलेल्या व्याजातला वाटा त्याला मिळतो. बँकेचा मूळ दर तुम्हाला दिसत नाही. समजा २५,००० डॉलर, ७२ महिने. ६ टक्क्यांनी हप्ता साधारण ४१४ डॉलर, ८ टक्क्यांनी ४३८. महिन्याला २४ डॉलर म्हणजे काहीच वाटत नाही, पण मुदतीअखेर सुमारे १,७३० डॉलर जादा गेलेले असतात.

हा वरचा दर कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई ग्राहकांना जास्त लागतो, या आरोपावरून ॲली या वित्तसंस्थेनं डिसेंबर २०१३ला ९.८ कोटी डॉलरची तडजोड केली. गाडीच्या कर्जाच्या अर्जावर वर्ण नोंदवायला सहसा बंदी असल्यामुळे तपासात आडनाव आणि पत्ता यांवरून अंदाज बांधावा लागला. त्यावर टीका झाली आणि २०१८ साली संसदेनं या विषयावरची मार्गदर्शक सूचना रद्द केली. भेदभावाला बंदी करणारा मूळ कायदा अजून आहे. आपल्यापुरता उपाय सोपा: आधी क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) मंजुरीचं पत्र घ्या, मग डीलरकडे जा, आणि हप्त्याची नव्हे तर व्याजदराची आणि एकूण रकमेची बोलणी करा.

१२. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. घर बदललं तर विमा का वाढतो?

कारण पिनकोड हा दर ठरवण्यातला मोठा घटक आहे. ज्या वस्त्या प्रश्न ६ मधल्या नकाशांनी घडवल्या, त्यांचाच पत्ता आता हप्ता ठरवतो. बहुतेक राज्यांत क्रेडिट स्कोअरही धरला जातो. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला मनाई आहे. कंपन्या म्हणतात की दर नुकसानाच्या धोक्यावरून ठरतात. मात्र चार राज्यांतल्या आकड्यांच्या २०१७मधल्या एका पत्रकारी तपासात, धोका सारखा असूनही अल्पसंख्याक वस्त्यांत काही कंपन्यांचे दर जास्त आढळले. घर भाड्यानं घेण्यापूर्वी त्या पत्त्यावर निदान तीन कंपन्यांचे दर काढून बघा.

१३. थांबवणारा पोलीस स्वतः कृष्णवर्णीय असेल तर?

फरक पडतोच असं नाही. मेम्फिसमध्ये ७ जानेवारी २०२३ला टायरी निकल्स यांना गाडी थांबवून मारहाण झाली आणि तीन दिवसांनी ते वारले. त्यात आरोप ठेवलेले पाचही पोलीस कृष्णवर्णीय होते. ते ज्या पथकात होते ते गुन्हे रोखण्याच्या नावाखाली ठरावीक वस्त्यांत गाड्या थांबवत असे. कुठे गस्त घालायची आणि किती गाड्या थांबवायच्या हे वरून ठरलं की गणवेशातल्या माणसाचा रंग दुय्यम होतो.

१४. बाबासाहेबांच्या प्रवासातल्या अनुभवांशी याची तुलना योग्य आहे का?

बऱ्याच अंशी. १९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावांना आणि भावंडांना गाडीवान न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं असं ठरलं. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिल्यामुळे टांगा हाकायची सवय नसलेला माणूस बसला आणि अपघात झाला. वाहनाच्या दारात अडवणं दोन्हीकडे सारखंच. एक फरक महत्त्वाचा आहे. मसूरच्या स्टेशनमास्तरला मुलांची जात विचारल्यावरच कळली. अमेरिकेत रंग काचेतून दिसतो, विचारायची गरज पडत नाही. प्रश्न ८ मधली अंधाराची कसोटी तिथे लागू पडते ती म्हणूनच. दलितांचे आणि कृष्णवर्णीयांचे प्रश्न एकमेकांशी जुळतात हे बाबासाहेबांनाही जाणवत होतं: १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

१५. न्यूयॉर्कजवळचे पूल मुद्दाम बुटके बांधले, म्हणजे बसनं येणारे कृष्णवर्णीय समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत, हे खरं का?

न्यूयॉर्क परिसरातले रस्ते, पूल आणि उद्यानं उभारणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांच्याबद्दल हे सांगितलं जातं आणि त्यांच्या एका सहकाऱ्याच्या आठवणीवर ते आधारलेलं आहे. पण त्या पार्कवेंवर बस आणि ट्रकना तशीही बंदी होती, आणि किनाऱ्यावर जायला बससाठी दुसरे रस्ते होते. इतिहासकारांत यावर एकमत नाही. वाद घालताना हे उदाहरण टाळा. प्रश्न ६ मधली कागदोपत्री सिद्ध झालेली उदाहरणं पुरेशी आहेत.

१६. वस्त्या फोडणारे हायवे आता काढून टाकता येतात का?

येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरानं आपल्या खोलगट ‘इनर लूप’ हायवेचा पूर्वेकडचा भाग २०१७ पर्यंत बुजवून त्यावर साधा रस्ता आणि घरं केली. सिरॅक्यूज शहरात कृष्णवर्णीयांच्या जुन्या पंधराव्या वॉर्डातून जाणारा हायवे ८१चा उंच भाग उतरवायचं काम हाती घेतलं आहे. नोव्हेंबर २०२१च्या कायद्यानं अशा कामांसाठी १ अब्ज डॉलर ठेवले. एका शहरातलं एक काम त्यातला मोठा हिस्सा खाऊ शकतं, यावरून ती रक्कम किती तोकडी आहे ते कळेल.

अडचण रस्ता काढल्यानंतर सुरू होते. मोकळ्या झालेल्या जमिनीची किंमत वाढते, आसपासची भाडी चढतात, आणि पन्नास वर्षं धूर सोसलेल्या भाडेकरूलाच तिथून निघावं लागतं. म्हणून अशा योजनेची बातमी वाचताना तीन गोष्टी शोधा: मोकळी जमीन कोणाच्या नावावर होणार, जुन्या रहिवाशांच्या भाड्याला मर्यादा आहे का, आणि ज्यांची घरं गेली त्यांच्या वारसांना परत येण्यात अग्रक्रम आहे का.